नऊ तारखेचा बर्गर

नऊ तारीख उजाडली आणि हणमंतला बर्गर आठवला नाही.

सुचेता सकाळी अकरालाच तयार होऊन बसली होती. निळी साडी, मांडीवर पर्स. कूकर लावलेला नव्हता, कारण नऊ तारखेला कोळेकरांच्या घरी दुपारचा कूकर लागत नसे. चार वर्षं हा नेम होता. एरवी साडेदहापासूनच हणमंतची घाई सुरू व्हायची. "अगं, आवर की! अमोलिकबाईंचा पहिला तवा निघाला असेल. नंतरच्या तव्याला ती मजा नाही, कांदा करपतो."

आज तो खुर्चीत पेपर वाचत होता. बारा वाजले तसं त्यानं वर बघितलं. "कुठं निघालीस का?"

सुचेतानं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "आज नऊ तारीख आहे, अहो."

"हो की!" त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "जायचं का? चल, जाऊ. चालेल मला."

चालेल म्हणे! हा माणूस डेंग्यूतून उठल्या उठल्या, अंगात कणकण असताना, मफलर गुंडाळून बर्गर खायला गेला होता. पायाची दोन बोटं कापली तेव्हा काठी टेकत गेला होता. आणि आज म्हणतो, चालेल.

हा बर्गर काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेली माणसं, आणि एका पावासाठी एवढा जीव काय टाकतात!

मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला अमोलिकबाईंचं सहा टेबलांचं कॅफे होतं. तिथला बर्गर म्हणजे मटणाच्या खिम्याची जाड टिक्की, त्याच मटणाच्या चरबीत तांबूस होईस्तोवर परतलेला कांदा, पिकून मऊ झालेल्या टोमॅटोची चकती, चीज, आणि तव्यावर दाबून भाजलेला बेकरीचा पाव. बस्स. कुणी सॉस मागितला तर अमोलिकबाई अशा बघायच्या, की जणू मागणाऱ्यानं पुरणपोळीवर लोणचं मागितलंय.

हणमंत आणि त्याची एकुलती एक लेक मैथिली, दोघंही त्या बर्गरचे भक्त. बापलेक शेजारी बसायचे आणि संपेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत. हणमंत डोळे मिटून खायचा. मैथिली आधी पाव उघडून आतला रस चाटायची. मग दोघं एकदम सुचेताकडे बघायचे, आणखी एक मागवू का, म्हणून. सुचेताला त्यातलं काही कळायचं नाही. "मटण खायचं तर भाकरीशी खावं. पावात कसलं कोंबता मेलं!"

एकविसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापात मैथिली गेली. ती नऊ तारीख होती.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भिंतीवर सात-आठ कावळे ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. आत्या म्हणाली, तुझ्या आईला अंतर देणार नाही. मामा म्हणाला, तुझी पुस्तकं गरजू पोरींना देऊ. काही उपयोग नाही. दीड तास गेला. शेवटी मैथिलीचा मावसभाऊ गाडी दामटत जाऊन बर्गर घेऊन आला. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण गप्प राहिले. एक कावळा जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत भिंतीवर गेला. तेव्हा हणमंत ओलेत्यानं पुढे आला. हात जोडून म्हणाला, "मैथू, दर नऊ तारखेला तुझ्यासाठी मी खाईन गं. जीव आहे तोवर खाईन. ये आता."

आणि कावळा आला. चोच मारली ती आधी बर्गरला.

सुचेता एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिचा विश्वास आकड्यांवर, कावळ्यांवर नव्हे. पण त्या दिवशी तीही मटकन खाली बसून ढसाढसा रडली होती.

आता नेम होता महिन्यातून एकदाचा, पण हणमंतच्या तोंडाला धरबंध उरला नाही. लेकीच्या मागं तो जे दिसेल ते खात सुटला. मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. तिथं तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता एका हातानं भजी, फरसाण, पेढे. साखर चारशेच्या वर गेली. आधी दोन बोटं गेली, मग डॉक्टर घोट्याकडे बघून मान हलवू लागल्या. त्या डॉक्टर तांबोळीबाईंनीच 'शमन' सुचवलं.

शमनचं इंजेक्शन तोवर गावोगाव पोचलं होतं. त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपल्या मेंदूत आवड आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मटण, परतलेला कांदा, पिकला टोमॅटो, चीज या सगळ्यांत ग्लुटामेट नावाचं द्रव्य असतं. ते जिभेवरच्या ठरावीक पेशींना जाऊन चिकटलं की गोड-आंबट-खारट-कडूच्या पलीकडची एक पाचवी चव लागते. शास्त्रज्ञ तिला उमामी म्हणतात, आपण नुसतं 'आहाहा' म्हणतो. ही झाली आवड. पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं जाताना वासानंच पाय वळतात, पोट भरलेलं असलं तरी वळतात, ती ओढ. ती निर्माण करणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी, चिमूटभरच असतात. शमनमध्ये एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुक बसवून या पेशींकडे धाडतात. ते जनुक पेशीवर एक कुलूप तयार करतं. पेशी जिवंत राहते, पण गप्प होते. माणूस पुढ्यातलं चवीनं खातो, संपलं की हात धुतो, आणि पुन्हा त्याची आठवण काढत नाही.

लोकांच्या साखरा उतरल्या, पोटं उतरली. लग्नाच्या पंगतीतला आग्रह बंद पडला, कारण जिलबी घेऊन कितीही मागं लागलं तरी कुणाला ती नकोही नव्हती आणि हवीही नव्हती. फरसाणवाले रडले, डॉक्टर हसले. शेजारच्या कुलकर्णीकाकूंचा पुण्याचा मुलगा मात्र शमन घेतल्यापासून दिवाळीला यायचा थांबला. फोन करायचा, गोड बोलायचा, पण यायचा नाही. काकू म्हणायच्या, कामात असेल.

हणमंत तीन महिने अडून बसला होता. "ओढ गेल्यावर माणसात उरतं काय गं?" शेवटी सुचेतानंच डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मैथू गेली. आता तुम्हीही जा, म्हणजे मी मोकळी." तेव्हा कुठं त्यानं सही केली आणि इंजेक्शन घेतलं, या नऊ तारखेच्या तीन आठवडे आधी. सुचेतानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "महिन्यातून एक बर्गर चालेल ना?"

"एकच ना? खुशाल खाऊ देत."

तो खाईल का, हे विचारायचं तिला सुचलं नाही. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'इतर ओढींवर परिणाम संभवतो' असं छापलेलं होतं. लोकांचे रिपोर्ट दोन-दोनदा वाचणारी ही बाई, नवऱ्याच्या कागदावर न वाचता सही करून मोकळी झाली.

तर त्या दिवशी ते कॅफेत गेले. हणमंतनं अर्धा बर्गर खाल्ला. डोळे उघडे ठेवून खाल्ला. "छान झालाय," म्हणाला आणि रुमालानं हात पुसले.

"मैथूची आठवण येते ना हो?" सुचेतानं विचारलं.

हणमंत कधी खोटं बोलला नव्हता, आजही बोलला नाही. "आठवतं की सगळं. ती रस चाटायची ते आठवतं. पण पूर्वी आठवलं की पोटात खड्डा पडायचा, तसं होत नाही. मोटर शाबूत आहे बघ, करंट येत नाही." मग त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "तुला वाईट वाटलं का? रडू नकोस."

तो हात प्रेमळ होता, उबदार होता, आणि सुचेताला वाटलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या एखाद्या भल्या माणसानं आपलं सांत्वन केलंय. चार वर्षं ती दोघं मिळून रडत आली होती. आता ते रडणं तिच्या एकटीवर आलं.

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टर तांबोळींसमोर जाऊन बसली. "तुम्ही म्हणालात फक्त खाण्याची ओढ जाईल!"

"आम्हाला तसंच वाटलं होतं, सुचेताताई." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण मेंदूत बर्गरसाठी एक दोर आणि माणसासाठी दुसरा, असं नसतं. त्याच पेशी दोन्हीकडे ओढतात. काहींचं थोडं कमी होतं. काहींचं असं होतं."

"मग काढा ते कुलूप."

"काढता येतं. दुसरं इंजेक्शन आहे, कायमचं काढणारं. पण साखर पुन्हा वर जाणार, आणि पुढचे आकडे मी तुम्हाला सांगायचे का? वर्षात पाय. मग किडनी." मग त्यांनी एक गोळी काढून दिली. "ही सहा तास कुलूप उघडं ठेवते. जे पेशंट खाणंच सोडतात त्यांच्यासाठी आहे. एकदा देऊन बघा. मग दोघं मिळून ठरवा."

पुढच्या नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता सुचेतानं गोळी पुढे केली. कशाची आहे तेही सांगितलं.

"दे की," म्हणत हणमंतनं ती पाण्याबरोबर गिळली.

रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला वळली आणि हणमंत ताठ झाला. नाक वर करून त्यानं हवा ओढली. "अमोलिकबाईंनी कांदा टाकला!" त्यानं सुचेताचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "भाऊ, पळव की रिक्षा! पहिला तवा जाईल!"

त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. तिच्या डोळ्यांना सुटलं.

बर्गर आला. हणमंतनं डोळे मिटून पहिला घास घेतला आणि घशातून तो जुना हुंकार काढला. दुसरा घास. मग तो थांबला. त्यानं पाव उघडला, आतल्या रसाकडे बघितलं, आणि हळूच जिभेनं चाटला. मैथिलीसारखा.

आणि बांध फुटला. असा पहाडासारखा माणूस, टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. "मैथू! अगं बाई माझे! सुची, इतके दिवस मी काय करत होतो? पेपर वाचत होतो? माझी लेक गेली आणि मी पेपर वाचत होतो?"

अमोलिकबाईंनी शटर अर्धं खाली ओढलं. सुचेता नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होती. आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटत होतं. त्याची तिला लाजही वाटली, पण बरं वाटत होतं. तिचा माणूस घरी आला होता.

हणमंतनं दुसरा बर्गर मागवला. ती 'नको' म्हणाली नाही. खाता खाता त्यानं मैथिलीच्या गोष्टी काढल्या, दोघं हसली, पुन्हा रडली. मग तो म्हणाला, घाटावर जाऊ.

कृष्णेचं पाणी संथ होतं. पायरीवर बसून त्यानं विचारलं, "हे परत बंद होणार ना?"

"पाचला."

"मग ऐक. उद्या सकाळी घरात जो माणूस उठेल ना, तो म्हणेल, तुला वाटेल तसं कर. त्याचं ऐकू नकोस. मी सांगतोय ते ऐक. कुलूप तोडून टाक."

"पाय जाईल हो."

"जाऊ दे."

"तुम्ही जाल!"

"कधीतरी जाणारच की. पण तू एकटी रडतेस, मला दिसतं ते. नुसतं दिसतं. बाजूच्या घरातलं दिसावं तसं. मला नाही असं जगायचं, सुची. लेक एकदा गेली माझी. आता रोज सकाळी तिला घालवू नकोस." त्यानं हात पुढे केला. "शब्द दे."

याच पायरीवर त्यानं लेकीला शब्द दिला होता. सुचेतानं त्याच्या हातात हात दिला. "दिला."

त्यानं तो हात छातीशी धरून ठेवला आणि तो मैथिलीच्या पहिल्या सायकलबद्दल सांगू लागला. लाल होती, घंटा वाजत नव्हती, आणि ती पोरगी तोंडानंच 'ट्रिंग ट्रिंग' करत... सांगता सांगता त्याचा आवाज सावकाश सपाट झाला. हाताची पकड सैल पडली. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"उन्हं उतरली," तो म्हणाला. "निघू या का?"

"मग? सायकलचं काय?" सुचेतानं त्याचा हात सोडला नाही. "तोंडानं घंटा वाजवत काय करायची ती?"

"हां, वाजवायची ती," हणमंत म्हणाला आणि पँट झटकत उभा राहिला.

सोमवारी सुचेतानं डॉक्टरांकडून कुलूप काढण्याचा फॉर्म आणला. हणमंतनं न वाचता सही केली. "तुला पाहिजे ना? मग झालं तर."

"तुम्हाला नाही पाहिजे? घाटावर काय म्हणालात, आठवतं का?"

"आठवतं. फार कळवळून बोललो." त्यानं फॉर्म तिच्याकडे सरकवला. "पण आता मला काही त्रास नाही बघ. तुला वाटेल तसं कर."

खाली सुचेताच्या सहीची रेघ रिकामी होती. सही करून फॉर्म दिला की झालं.

तिनं पेन उघडलं. त्याआधी रोजच्या सवयीनं त्याच्या बोटाला सुई टोचली. साखर एकशे आठ. मग त्याचा पाय मांडीवर घेऊन बघितला. तीन बोटांचा तो पाय गुलाबी होता, गरम होता, जखमेची खूणसुद्धा भरून आली होती. चार वर्षांपूर्वी मैथिलीच्या हाताचा शेवटचा गारवा तिनं आपल्या याच हातांनी चाचपला होता. हणमंत शीळ घालत बसला होता. मधेच म्हणाला, "गुदगुल्या होतात की!"

आणि पुन्हा शीळ घालू लागला. ती शीळ ऐकून सुचेताला रडू आवरेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. तिला हवा होता तो माणूस मरणार होता, आणि जगणार होता तो तिला नको होता. पण हा पाय गरम होता. एवढं एकच तिला त्या क्षणी खरं वाटलं.

तिनं पेनाला टोपण लावलं. फॉर्मची घडी घातली आणि ओट्यावरच्या साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण दाबलं. हणमंतनं पुढं कधी विचारलं नाही. विचारणार नाही, हेही तिला माहीत होतं.

महिना गेला. या खेपेला नऊ तारखेला घरात कूकर लागला. सुचेता त्याचं ताट वाढून, झाकून, एकटीच निघाली. "चला" म्हटलं असतं तर तो आला असता. ती म्हणाली नाही.

आणि गंमत बघा, सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. जिभेवर तो परतलेला कांदा येऊन बसला होता. ज्या बर्गरला ती आयुष्यभर नावं ठेवत आली, त्याच्यासाठी तिचा जीव कासावीस होत होता. रिक्षावाल्याला ती म्हणाली, "जरा लवकर, दादा. पहिला तवा जाईल."

अमोलिकबाईंनी दाराकडे बघितलं. "एकट्याच?"

"हो."

पहिल्या घासाला तिचे डोळे आपोआप मिटले. खारट नाही, तिखट नाही, नुसता तोंडभर पसरत जाणारा, गळ्यापर्यंत भरून राहणारा तो रस. म्हणून होय ते दोघं गप्प बसायचे! इतकी वर्षं शेजारी बसून तिला कळलं नव्हतं. आणि आता सांगायला समोर कुणी नव्हतं.

अर्धा तिनं कागदात बांधून घेतला आणि घाटावर गेली. भिंतीच्या कडेला कागद उलगडून ठेवला. कावळे होतेच. एक जवळ आला, मान वाकडी करून उभा राहिला.

"मैथू," ती म्हणाली, "दर नऊ तारखेला आता मी येईन."

कावळा हलला नाही.

"तुझ्यासाठी मी खाईन गं. डोळे मिटून खाईन."

कावळा दोन पावलं मागं सरला.

तो कशासाठी थांबलाय ते सुचेताला पक्कं ठाऊक होतं. याच पायरीवर दिलेला शब्द होता तो. 'बाबांना परत आणते', एवढं म्हणायचं होतं. घरी जाऊन डबा उघडायचा आणि सही करायची. तिनं तोंड उघडलंही. मग तिला तो गरम पाय आठवला.

"नाही गं राजा," ती म्हणाली. "तेवढं सोडून काहीही माग."

कावळा उडाला आणि नदीपार गेला. बाकीचेही एकेक करून गेले. सुचेता बसून राहिली. शेवटी तिनं तो गार, चरबी गोठलेला अर्धा बर्गर उचलला आणि सगळा खाल्ला. पावाचा चुरासुद्धा ठेवला नाही.

फोन वाजला. हणमंत होता.

"दीड वाजला. मी जेवून घेऊ का? की तुझी वाट बघू?"

तिनं बर्गरचा रिकामा कागद मुठीत चुरगाळला.

"नका बघू," ती म्हणाली. "जेवून घ्या तुम्ही."

"बरं," हणमंत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.